सेल्फची बॅटरी, मुक्कामाची बॅटरी

डिझेल गाडीला सेल्फ मारला की बॅटरीतून तीनशे अँपिअरच्या घरात करंट ओढला जातो, पण तो दोन-तीन सेकंदच. हिशेब मांडला तर एका स्टार्टला जेमतेम पाव अँपिअर-अवर लागतो. आपला फोन एकदा पूर्ण चार्ज करायला याच्या पाच-सहापट वीज लागते. गाडीच्या बॅटरीचं काम हे असं आहे: क्षणभर प्रचंड जोर, आणि मग इंजिनावर चालणाऱ्या अल्टरनेटरकडून लगेच भरपाई. रात्रभर थोडी थोडी वीज देत राहण्यासाठी ती बनवलेलीच नसते. पिकअप घेऊन लांब मुक्कामाला जाणाऱ्यांच्या डोक्यात दुसऱ्या बॅटरीचा विचार येतो तो यामुळे.

आमच्या घरात यावरून माझी मुलगी आणि तिचा मामा यांची चांगलीच जुंपली. मुलगी पुण्यात नोकरी करते आणि आकाशाचे फोटो काढते. तिच्याकडे पाच आसनी डिझेल पिकअप आहे, मागे हौदा असलेली. जूनमध्ये ती, तिची आई आणि मी अशा तिघांनी मनालीमार्गे लेह आणि पुढे हानलेला जायचं ठरत होतं. मामा कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या यांच्या वायरिंगमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. वाद त्यांच्या दुकानातच झाला, आणि मी स्टुलावर बसून ऐकत होतो.

भाची : मामा, मला शंभर अँपिअर-अवरची दुसरी बॅटरी बसवून हवी आहे. हौद्यात चाळीस लिटरचा फ्रिज, दिवे, लॅपटॉप, दुर्बिणीचा माउंट, सगळं त्या बॅटरीवर. गाडीच्या बॅटरीला हातसुद्धा लावायचा नाही.

मामा : शेवटचं वाक्य तेवढं पटलं. बाकीचं का पाहिजे ते सांग.

भाची : ऑस्ट्रेलियात लांब फिरणाऱ्यांच्या पिकअपला दुसरी बॅटरी असतेच. त्याशिवाय कोणी आत वाळवंटात जात नाही.

मामा : तिथं माणूस का बसवतोय ते बघ की. ती कॅनिंग स्टॉक रूट, तुझ्याच फोनवर दाखवलेलीस मला. साडेअठराशे किलोमीटर, मध्ये डिझेल मिळणारं जवळपास एकच ठिकाण. आठवडाभराचं मांस, दूध सगळं बरोबर न्यायला लागतंय. तू जाणार त्या वाटेवर ढाबा आहे, होमस्टे आहे, गरम वरणभात मिळतोय. त्यांची गरज बघून तू तुझ्या गाडीला भोकं पाडू नकोस.

मामांचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण गाड्यांच्या हौसेत नक्कल फार चालते. भारतात इसुझूची व्ही-क्रॉस आणि टोयोटाची हायलक्स या गाड्या आल्यावर लोक पिकअपकडे फिरायची गाडी म्हणून बघू लागले, आणि त्यांच्यामागोमाग परदेशातली सगळी सामग्रीही आली. त्यातलं आपल्या रस्त्याला काय लागतं याचा विचार ज्याचा त्यानेच करायचा असतो. पण मुलीकडेही उत्तर होतं.

भाची : आईचं इन्सुलिन आहे, मामा. महिन्याभराचा साठा बरोबर लागणार. न उघडलेल्या पेनांना दोन ते आठ डिग्री लागतात. जूनमध्ये राजस्थानातून जाताना बंद गाडीत काय तापमान होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मामा जरा थांबले. ताईचं नाव निघालं की त्यांचा सूर बदलतो. पण वाद सोडायचा त्यांचा स्वभाव नाही.

मामा : राजस्थानात तुम्ही झोपणार कुठं?

भाची : हॉटेलात.

मामा : मग रात्री फ्रिज खोलीतल्या प्लगला लागणार, आणि दिवसा गाडी चालतेय तोवर अल्टरनेटर आहेच. गरमीच्या पट्ट्यात दुसरी बॅटरी लागतेय कुठं? जेवायला तासभर थांबलीस तर फ्रिजमधला गारवा तासात जात नाही. आणि लडाखात रात्री थंडी एवढी की ताईचं औषध गोठेल याची भीती. गोठलेलं इन्सुलिन परत पातळ झालं तरी वापरायचं नसतंय, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय. तिथं तुझा फ्रिज हौद्यात राहिला तर उलटंच होऊन बसेल.

हे मला तोवर सुचलं नव्हतं, आणि मुलीलाही. कॉम्प्रेसरचा फ्रिज आतला माल गार करतो. बाहेर उणे तापमान असेल तर त्यातले बरेच फ्रिज आतला माल ऊबदार ठेवू शकत नाहीत. म्हणजे इन्सुलिनला खरा धोका दुपारी मैदानात आणि पहाटे पहाडात, आणि दोन्ही वेळांना दुसरी बॅटरी फारशी कामाची नाही. रात्री औषध खोलीत, अंथरुणाजवळ घ्यावं. दिवसाच्या उन्हासाठी पाण्यात भिजवायच्या पिशव्या मिळतात. पाणी उडताना त्या गार होतात. कोरड्या हवेत त्या चांगल्या चालतात, कोकणातल्या दमट हवेत तेवढ्या नाही. वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा साधारण चार आठवडे घरातल्या तापमानाला चालतं, मात्र आपल्या औषधाचं आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. इन्सुलिनच्या नावाखाली दुसऱ्या बॅटरीचं समर्थन होत नाही, हे मुलीने तिथल्या तिथे मान्य केलं. पण तिचं खरं कारण वेगळंच होतं, ते आता पुढे आलं.

भाची : बरं, फ्रिज बाजूला ठेवा. हानलेला आम्ही तीन रात्री थांबणार. 2022 पासून तो भाग डार्क स्काय रिझर्व्ह आहे, रात्रीचा अंधार जपण्याचे तिथे नियम आहेत. दुर्बीण उघड्यावर, गाडीपासून दहा पावलांवर. रात्री दोनला बॅटरी उतरली म्हणून इंजिन सुरू करायचं, दिवे लागणार, धूर येणार, आजूबाजूला दुसरेही लोक फोटो काढत असणार. मला ते करायचं नाही. तीन दिवस गाडी चालणार नाही, म्हणजे अल्टरनेटरही नाही.

मामा : हे आधी सांगायचं होतंस. गाडी उभी राहणार असली की गोष्ट वेगळी. कागद घे.

आणि मग दोघांनी मिळून जे केलं ते दुसऱ्या बॅटरीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने दुकानात जाण्याआधी करावं. दिवसाचा खर्च लिहून काढला. फ्रिज चालू असताना 45 वॅट घेतो, म्हणजे पावणेचार अँपिअर. पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. थंड हवेत चोवीस तासांत 25 अँपिअर-अवर धरले. लॅपटॉप 60 वॅट, पाच तास, म्हणजे आणखी 25. माउंट आणि भिंगावर दव धरू नये म्हणून लावायची हीटरची पट्टी मिळून दोन अँपिअर, सहा तास, म्हणजे 12. दिवे आणि फोनचे सहा. एकूण 68.

मामांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. रात्री उघड्यावर लॅपटॉप कशाला? कॅमेरा स्वतःच ठरावीक वेळाने फोटो घेतो ना? फोटो पुढच्या मुक्कामी बघ. मुलीने थोडी कुरकुर केली, पण आकडा 43 वर आला. शंभर वॅटचं सोलर पॅनल नेलं तर तिथल्या स्वच्छ उन्हात, सगळी गळती धरूनही, दिवसाला तीसेक अँपिअर-अवर मिळावेत. उरली तूट तेराची. तीन दिवसांची चाळीसच्या आत. ढग आले तर काय म्हणून थोडी जास्त धरली, तरी ज्या बॅटरीवर सुरुवातीला ती अडून बसली होती तिच्या साधारण निम्म्यात काम भागत होतं. विजेचा खर्च कमी करणं हे बॅटरी वाढवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असतं, आणि हे सांगणारा माणूस बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात क्वचितच भेटतो.

मामा : एवढ्याला गाडीचीच बॅटरी का नको, ते तुला दाखवतो.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक जुनी बॅटरी उघडून ठेवलेली होती. मामांनी पक्कड घेऊन एक प्लेट ओढून काढली. शिशाची पातळ जाळी, पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्यात भरलेला चॉकलेटी लेप. अर्ध्या चौकोनांतून लेप निघून गेला होता, बोट लावलं की उरलेलाही भुकटी होऊन पडत होता. कवचाच्या तळाशी तोच लेप राखाडी गाळ होऊन साचला होता. ही बॅटरी एका पिकअपवर होती, तिच्यावर रात्र-रात्र म्युझिक वाजवायचे, मामा म्हणाले. सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि जास्त प्लेटी असतात, कारण एका दमात मोठा करंट द्यायचा तर पृष्ठभाग जास्त लागतो. पण ती खोलवर उतरवली, की प्रत्येक वेळी लेप थोडा सुटतो. सावकाश वीज द्यायच्या डीप सायकल बॅटरीत प्लेटी जाड असतात. तीही निम्म्याच्या खाली उतरवू नये. विश्रांती घेतलेल्या शिशाच्या बॅटरीचं व्होल्टेज 12.7 असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. मधलं अंतर किती थोडं आहे ते बघा. साधा मीटर जवळ नसेल तर कळतच नाही.

भाची : आणि थंडीत ही बॅटरी आणखी मऊ पडणार.

मामा : पडणारच. पहाटे चार हजार मीटरवर तिच्यात आधीच जोर कमी, इंजिनातलं ऑइल घट्ट, ग्लो प्लग करंट खाणार. तिथं सेल्फ फिरला नाही तर धक्का मारायला माणसं आणणार कुठून? आपल्या आयांच्या घरी किराण्याचा डबा वेगळा आणि दवाखान्याच्या पैशांचा वेगळा असायचा, किराणा संपला म्हणून दुसऱ्याला हात लागायचा नाही. तसं ठेव. म्हणून म्हणतो, तुझं शेवटचं वाक्य पटलं.

इथे दोघांची वाट एक झाली असं वाटलं, पण मामांनी दुसरा पर्याय पुढे केला. गाडीला हातच लावू नकोस, एक पोर्टेबल पॉवर स्टेशन घे. एक किलोवॅट-अवरचा डबा, उचलून खोलीत न्यायचा, घरी परत आल्यावर लाइट गेली तरी कामाला येतो. वायरिंग नाही, वॉरंटीचा प्रश्न नाही.

भाची : मी तोच विचार आधी केला होता. पण तो भरायचा कसा? गाडीच्या सॉकेटमधून फार तर दहा अँपिअर, म्हणजे सव्वाशे वॅट. रिकामा डबा भरायला आठ-नऊ तास गाडी चालायला हवी. दुसऱ्या बॅटरीला नीट चार्जर लावला तर पंचवीस अँपिअरने दोन तासांत पन्नासच्या आसपास भरतात. हानले सोडून पुढच्या मुक्कामी पोचायच्या आत बॅटरी भरलेली असेल.

मामा : हा मुद्दा बरोबर. पण ज्याला मुक्कामी रोज प्लग मिळतोय, त्याला डबाच बरा, हे लक्षात ठेव.

मला वाटतं, दहातल्या सात-आठ जणांसाठी मामांचं हे वाक्यच उत्तर आहे. रोज हॉटेलात उतरणाऱ्याने गाडीत बॅटरी बसवून घेणं हे हौसेचं काम आहे. हौस करावी, पण तिला गरज म्हणू नये. गाडी दोन-तीन दिवस एकाच जागी, विजेपासून लांब उभी राहणार असेल, तेव्हा मात्र चित्र बदलतं.

पुढचा वाद बॅटरी जोडायची कशी यावर झाला, आणि त्यात मामांच्या हातच्या वर्षानुवर्षांच्या पद्धतीला धक्का बसला. जुन्या गाड्यांत ते एक जाड रिले लावत. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज वर गेलं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद झालं की तोडतो. सोपं काम, बिघडायला फार काही नाही. पण मुलीने आग्रह धरला म्हणून त्यांनी तिच्या गाडीच्या टर्मिनलला मीटर लावला आणि आम्ही हायवेवर एक फेरी मारली. सुरुवातीला 14.3. बॅटरी भरत आली तसं उतरत उतरत 12.7. उताराला ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा 14 च्या वर. बीएस-6 नंतरच्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटर असाच वागतो, इंधन वाचावं म्हणून गाडीचा संगणक त्याला गरजेपुरतंच काम देतो. अशा गाडीत तो रिले एक तर जोडणारच नाही, किंवा जोडून दुसरी बॅटरी अर्धवटच भरेल. इथे बॅटरी-टू-बॅटरी चार्जर लागतो. येणारं व्होल्टेज कितीही खालीवर झालं तरी तो दुसऱ्या बॅटरीला लागेल तेवढंच व्होल्टेज तयार करून देतो आणि करंटला लगाम घालतो. लिथियम बॅटरी असेल तर हा लगाम फारच महत्त्वाचा, कारण तिचा आतला अवरोध कमी असतो. थेट जोडली तर ती हवा तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवू शकते.

मामांनी मीटरकडे बराच वेळ बघितलं आणि रिलेचा विषय पुन्हा काढला नाही. मला त्यांचं हे फार आवडतं.

भाची : ऑनलाइन किट मागवलंय, त्यात वायर आहे.

मामांनी ती वायर हातात घेतली, टोक सोलून तारा पसरल्या. सहा चौरस मिलिमीटर. बॉनेटपासून मागच्या सीटपर्यंत, वळणं धरून, सहा मीटर जायला आणि तेवढंच यायला. चार्जरने पलीकडे पंचवीस अँपिअर द्यायचे तर अलीकडून तीस-तेहेतीस ओढणार. तांब्याच्या रोधाचा हिशेब केला तर या वायरीत एक व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जिरतो. सोळा चौरस मिलिमीटरच्या केबलीत अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. किटमधली वायर मामांनी बाजूला ठेवली. किट विकणाऱ्याने ती का दिली असेल हे उघड आहे, तांबं महाग असतं.

मामा : आता फ्यूज. दोन लागणार.

भाची : दोन कशाला? चार्जरमध्ये संरक्षण आहे.

मामा : फ्यूज यंत्रासाठी नसतोय, वायरीसाठी असतोय. ही केबल दोन्ही टोकांना बॅटरीला लागलेली. मध्ये कुठंही पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येणार. एकाच बाजूला फ्यूज असेल तर दुसरी बाजू जाळत राहील. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांपासून वितीच्या आत एकेक. आणि केबल केबिनमध्ये शिरते तिथं पत्र्याच्या कडेला रबरी ग्रोमेट. उसाच्या गाड्या जळालेल्या बघितल्यात मी. कारण काढायला गेलं की बऱ्याचदा घासलेली वायर आणि जवळ नसलेला फ्यूज सापडतोय.

पत्र्यातून जाणारी केबल कशी पडते ते त्यांनी हातानेच दाखवलं. आधी ग्रोमेट, मग वर नळी, मग दर वीतभर अंतरावर पट्टा, कारण लडाखच्या खडबडीत रस्त्यावर सैल केबल दिवसभर हलते आणि कापत जाते. अर्थ घेताना हौद्याच्या पत्र्यावर नाही, चेसिसवर, रंग खरवडून, स्वच्छ धातूवर. हौदा चेसिसवर वेगळा बसवलेला असतो, त्याचा भरवसा नाही. वायरिंगला हात लावला की वॉरंटीवरून पुढे वाद होऊ शकतो, म्हणून सर्व्हिस सेंटरला आधी विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवून ठेवायलाही त्यांनी सांगितलं.

राहिली बॅटरीची जात. यावर दोघं शेवटपर्यंत भांडले.

मामा : शिशाची सीलबंद एजीएम घे. थंडीत भरतेय, मार सोसते, आणि जुनी झाली की भंगारात पैसे देऊन परत घ्यायला कोपऱ्यावर माणूस आहे. लिथियम शून्याच्या खाली चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. हे तूच वाचून दाखवलंस.

भाची : पण एजीएमचे निम्मेच वापरता येतात. म्हणजे शंभरची घ्यावी लागेल, तिचं वजन तीस किलोच्या आसपास. साठची लिथियम आठ-नऊ किलोत येते आणि ऐंशी टक्के वापरता येते. थंडीचं म्हणाल तर चार्जिंग कधी होणार? गाडी चालताना, तेव्हा केबिनमध्ये हीटर सुरू असतो. किंवा ऊन आल्यावर पॅनलने. हौद्यात ठेवायचीच नाही, मागच्या सीटच्या मागे ठेवू. बॉनेटखाली तर नाहीच, तिथली गरमी तिला सोसत नाही.

मामा : आणि सकाळी सातला ऊन आलं, बॅटरी मात्र रात्रभर गारठलेली, तेव्हा?

भाची : थंडीत चार्जिंग तोडणारी बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, असलेलीच घेईन. तोडते की नाही ते तुमच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून, चार्जर लावून बघू.

मामांनी हे मान्य केलं, मनापासून नाही. शिशाच्या बॅटरीचं जुनं शिसं परत वितळून नवीन बॅटरीत जातं, लिथियमची तशी सोय आपल्या गावापर्यंत अजून पोचलेली नाही, ही त्यांची खंत मला योग्य वाटते. पण तिघं माणसं, दुर्बीण, महिन्याचं सामान आणि घाटाचे रस्ते असताना वीस किलो वाचवणंही लहान गोष्ट नाही. मी मुलीच्या बाजूने झुकलो, आणि तसं मामांना सांगितलं.

मामा : ठीक आहे दाजी. पण माझ्या अटी आहेत. बसवून झाल्यावर दोन रात्री गाडी इथं दुकानासमोर उभी राहील, फ्रिज चालू. सकाळी मी सेल्फच्या बॅटरीचं व्होल्टेज बघणार. रात्रीपेक्षा बरंच घसरलं असेल तर जोडणीत कुठंतरी चूक आहे, ती सापडल्याशिवाय गाडी जाणार नाही. जम्पर केबल बरोबर न्यायची. पोरीला मीटर धरायला येतंय, आता ताईला पण शिकवा. आणि सेल्फच्या बॅटरीला चार्जरची सोडून तुझी एकसुद्धा वायर मी लागू देणार नाही, कॅमेऱ्याचीसुद्धा नाही.